कॅपमध्ये नंबर लागला, आता विद्यापीठात नाव कसे नोंदवायचे?

प्रश्न असा आहे: मुलीला अभियांत्रिकीच्या कॅप, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या फेरीत सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयात जागा मिळाली आहे. बारावी राज्य मंडळाची, प्रवर्ग ओबीसी. इथून पुढे विद्यापीठात तिची नोंद होईपर्यंत काय काय करायचे, कोणते कागद लागतील आणि लोक कुठे अडकतात?

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. मुलीची नोंद तीन वेगवेगळ्या ठिकाणी होणार आहे. पहिली राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाकडे, म्हणजे ज्याला सगळे सीईटी सेल म्हणतात तिथे. दुसरी महाविद्यालयात. तिसरी विद्यापीठात. या तिघांच्या संगणक प्रणाली वेगळ्या, तारखा वेगळ्या, पावत्याही वेगळ्या. फी भरली, ओळखपत्र मिळाले, तास सुरू झाले, तरी विद्यापीठाकडे नाव पोचलेले नसू शकते. ते कळते पहिल्या सत्राचा परीक्षा अर्ज भरताना, आणि तेव्हा धावपळ करायला वेळ उरलेला नसतो. म्हणून प्रत्येक टप्प्याचा पुरावा हातात आल्याशिवाय तो टप्पा संपला असे मानू नका: सीईटी सेलच्या प्रणालीतून निघालेली प्रवेशाची पावती, महाविद्यालयाची फी पावती आणि विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक, म्हणजे पीआरएन. शिष्यवृत्तीचे काम या तिन्हींच्या बाजूने स्वतंत्र चालते. त्याबद्दल पुढे लिहिले आहे.

जागा स्वीकारताना

अलॉटमेंट दिसली की पहिले काम महाविद्यालयात फोन करण्याचे नाही, सीईटी सेलच्या लॉगिनमध्ये जाऊन स्वतःची माहिती पुन्हा वाचण्याचे आहे. प्रवर्ग, लिंग, होम युनिव्हर्सिटी (बारावी ज्या विद्यापीठाच्या क्षेत्रात झाली ते विद्यापीठ), दहावी-बारावीचे गुण, सीईटीचे पर्सेंटाइल आणि अर्जात केलेला प्रत्येक दावा तपासा. अल्पसंख्याक, संरक्षण दलातील व्यक्तींचे पाल्य, दिव्यांग, टीएफडब्ल्यूएस (शिक्षण शुल्क माफीची जागा) हे सगळे दावे आहेत, आणि प्रत्येकाला कागद लागतो. चुकीच्या माहितीवर मिळालेली जागा पडताळणीत रद्द होते. चूक सापडली तर जागा स्वीकारण्याआधी लॉगिनमधूनच तक्रार नोंदवायची. स्वीकारल्यानंतर ती दुरुस्त करणे फार अवघड जाते.

अलॉटमेंट लेटरवर जागेचा प्रकार लिहिलेला असतो, तो समजून घ्या. पहिले अक्षर जी म्हणजे सर्वसाधारण, एल म्हणजे मुलींसाठीची. मध्ये प्रवर्ग. शेवटी एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, ओ म्हणजे त्याबाहेरची, एस म्हणजे राज्यस्तरीय. तुमच्या मुलीच्या पत्रावर एल-ओबीसी-एच असेल तर जागा ओबीसी मुलींच्या कोट्यातली आहे, आणि तिची व्हॅलिडिटी (जात वैधता प्रमाणपत्र) व नॉन-क्रिमीलेअर (कुटुंब उन्नत गटात मोडत नसल्याचा दाखला) हे त्या जागेचे पाय आहेत. ओपन लिहिले असेल तर जागा गुणवत्तेवर खुल्या प्रवर्गातून मिळाली आहे. फी सवलतीसाठी मात्र तेव्हाही प्रवर्गाचे कागद लागतातच.

मग जागा स्वीकृती शुल्क, १,००० रुपये, ऑनलाइन भरून फ्रीज (हीच जागा कायम) किंवा बेटरमेंट (ही जागा धरून वरच्या पसंतीक्रमाची वाट बघणे) निवडायचे. २०२५-२६ मध्ये नियम असा होता: पहिल्या फेरीत पहिला पसंतीक्रम मिळाला, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी एखादा मिळाला, किंवा तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी एखादा मिळाला, तर जागा आपोआप फ्रीज. अशी जागा स्वीकारली नाही तर पुढच्या कॅप फेऱ्यांतून नाव बाहेर. हे आकडे त्या-त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत बदलू शकतात, त्यामुळे शेजारच्या मुलाचा गेल्या वर्षीचा अनुभव प्रमाण मानू नका. बेटरमेंट घेतले असेल तर वरचा पसंतीक्रम मिळताच आधीची जागा सुटते, ती परत मागता येत नाही. बेटरमेंटवर असताना महाविद्यालयात जाऊन एलसी (शाळा सोडल्याचा दाखला) जमा करण्याचेही कारण नाही.

कागदांची फाइल

मूळ कागद एका फाइलमध्ये आणि स्वतः सही केलेल्या झेरॉक्सचे तीन संच वेगळे. एक संच महाविद्यालयाच्या फाइलला, एक विद्यापीठाच्या पात्रतेसाठी, एक शिष्यवृत्तीसाठी. प्रत्येक कागदाचे रंगीत स्कॅनही करून ठेवा, आणि प्रत्येकाची एक लहान आवृत्ती २५६ केबीच्या आत बसणारी करा. महाडीबीटीवर, म्हणजे राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर, मोठी फाइल चढत नाही, आणि घाईत दाबून लहान केलेल्या फाइलवरचे आकडे वाचता येत नाहीत म्हणून अर्ज परत येतात.

संचात हे असायला हवे: दहावी आणि बारावीची गुणपत्रिका, सीईटीचे स्कोअरकार्ड, कॅपचा कन्फर्म झालेला अर्ज, अलॉटमेंट लेटर, स्वीकृती शुल्काची पावती, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, आधार, जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रिमीलेअर, उत्पन्नाचा दाखला, पासपोर्ट आकाराचे आठ-दहा फोटो. फोटो सगळीकडे एकच वापरा, साध्या फिकट पार्श्वभूमीचा. पात्रता अर्जात चढवलेला फोटो आणि सही पुढे हॉल तिकिटावर येते. परीक्षा केंद्रावर चेहरा जुळत नसेल तर चौकशी होते.

बारावीनंतर एखादे वर्ष सुटले असेल तर त्या खंडाचे कारण सांगणारे प्रतिज्ञापत्र महाविद्यालय मागते. नमुना त्यांच्याकडूनच घ्या, मनाने मजकूर टाइप करून आणला की दुसऱ्यांदा करावा लागतो. जात, उत्पन्न, नॉन-क्रिमीलेअर, रहिवास यांच्या दाखल्यांसाठी सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला राज्यात मुद्रांक शुल्क माफ आहे, त्यामुळे त्यासाठी कुणी ५०० रुपयांचा स्टॅम्प पेपर घ्यायला सांगत असेल तर तो घेऊ नका.

एलसीबद्दल जरा सविस्तर, कारण हा कागद फक्त एकच असतो. कनिष्ठ महाविद्यालयातून तो आणताना खिडकीवरच उभे राहून चार रकाने वाचा: नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ, राष्ट्रीयत्व. राष्ट्रीयत्वाच्या जागी भारतीय असे स्पष्ट हवे. तो रकाना कोरा असेल तर वेगळे राष्ट्रीयत्वाचे प्रमाणपत्र काढावे लागते, आणि त्यात आठवडा-दोन आठवडे सहज जातात. जन्मस्थळात गाव, तालुका, जिल्हा असावा. महाराष्ट्रातून दहावी-बारावी झालेल्या मुलांची उमेदवारी ठरवताना अधिवास किंवा महाराष्ट्रातला जन्म पाहतात, आणि जन्माचा पुरावा म्हणून बहुतेक वेळा एलसीच पुढे येते. मूळ एलसी महाविद्यालय ठेवून घेते आणि ती पुन्हा मूळ रूपात मिळत नाही. पुढे महाविद्यालय सोडले तर तिथला नवा दाखला मिळतो. म्हणून जमा करण्याआधी पाच-सहा रंगीत प्रती काढून, दोन तरी साक्षांकित करून घ्या. व्हॅलिडिटी, पासपोर्ट, घरातल्या धाकट्या भावंडाची जात पडताळणी या सगळ्याला ती लागते.

एलसी आणि मायग्रेशन (आधीच्या मंडळाचे स्थलांतर प्रमाणपत्र) सोडले तर बाकीचे मूळ कागद पडताळून त्याच दिवशी परत मिळायला हवेत. विद्यापीठ अनुदान आयोगाने ऑक्टोबर २०१८ मध्येच सांगितले आहे की मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवता येणार नाहीत. गुणपत्रिका ठेवून जा, नंतर देऊ, असे कुणी म्हणाले तर नम्रपणे नकार द्या. फारच अडले तर कागदांची यादी असलेली शिक्का-सहीची पोच घ्या.

प्रवर्गाचे दाखले: तारखांचा खेळ

जातीचा दाखला महाराष्ट्रातल्या सक्षम अधिकाऱ्याचा हवा, दुसऱ्या राज्याचा इथे चालत नाही. नॉन-क्रिमीलेअर त्या शैक्षणिक वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत वैध हवे. म्हणजे २०२६-२७ चा प्रवेश असेल तर दाखल्यावर ३१ मार्च २०२७ किंवा त्यापुढची तारीख दिसली पाहिजे. अनेकांकडे दहावीनंतर काढलेले तीन वर्षांचे प्रमाणपत्र असते आणि ते नेमके प्रवेशाच्या आधीच्या मार्चमध्ये संपलेले असते. घरी बसून आज ही तारीख बघा. ओबीसी, एसबीसी (विशेष मागास प्रवर्ग), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास प्रवर्ग), विमुक्त जाती आणि भटक्या जमाती यांना ते लागते. अनुसूचित जाती आणि जमातींना लागत नाही. आणखी एक घोळ नेहमी होतो: जेईईसाठी काढलेला केंद्र सरकारच्या नमुन्यातला ओबीसी दाखला राज्याच्या प्रवेशाला चालत नाही. ईडब्ल्यूएसचेही (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) तसेच, राज्याच्या नमुन्यातलाच हवा.

व्हॅलिडिटी हा सर्वांत वेळखाऊ कागद. ओबीसीची जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समितीकडे होते, अनुसूचित जमातींसाठी समिती वेगळी आहे. अकरावीतच अर्ज केलेला असेल तर काळजी नाही. नसेल तर अर्जाची पोच जोडून प्रवेश प्रक्रियेत पुढे जाता येते, पण ठरवून दिलेल्या मुदतीत मूळ प्रमाणपत्र सादर करावे लागते. अलीकडच्या वर्षांत शासनाने या मुदती अनेकदा वाढवल्या, आणि त्यामुळे पालक निवांत राहतात. मुदतवाढ मिळणारच असे धरून चालू नका. जागा राखीव प्रकारातून मिळाली असेल आणि प्रमाणपत्र आलेच नाही तर जागाच जाते, मग कितीही तास भरलेले असोत. समितीकडे त्रुटी निघाली असेल तर तिचे पत्र बहुतेकदा अर्जाच्या लॉगिनमध्ये किंवा ईमेलवर पडून असते, आणि लोक मात्र टपालाची वाट बघत बसतात. आठवड्यातून एकदा लॉगिन उघडा. रक्ताच्या नात्यातल्या कुणाची, म्हणजे वडील, काका, सख्खी आत्या यांची व्हॅलिडिटी झालेली असेल तर ती आणि वंशावळीचे प्रतिज्ञापत्र जोडल्यास काम बरेच सोपे होते.

महाविद्यालयात हजर होण्याचा दिवस

रिपोर्टिंगच्या शेवटच्या दिवशी जाऊ नका. त्या दिवशी राज्यभरातली महाविद्यालये एकाच प्रणालीत नोंदी चढवत असतात आणि पान उघडायलाच वेळ लागतो. पहिल्या किंवा दुसऱ्या दिवशी, सकाळी, मूळ कागदांसह जा. फी ऑनलाइन भरायची की धनाकर्षाने (डीडी), ते आदल्या दिवशी विचारा. यूपीआयला एका दिवसाची मर्यादा असते. मोठी रक्कम असेल तर नेटबँकिंगमध्ये लाभार्थी आधीच जोडून ठेवा, कारण नव्याने जोडलेल्या खात्यावर पहिले काही तास मोठी रक्कम जात नाही.

महाविद्यालय कागद तपासते, फी घेते आणि मग सीईटी सेलच्या प्रणालीत प्रवेश झाल्याची नोंद करते. त्या नोंदीची छापील पावती हाती घेतल्याशिवाय तिथून निघू नका. फी पावती म्हणजे ही पावती नाही. कर्मचारी गर्दीत म्हणतात, संध्याकाळी चढवतो. चढवायचे राहून गेले आणि मुदत संपली तर प्रणालीच्या लेखी तुम्ही हजरच झाला नाहीत आणि जागा रिकामी ठरते. घरी आल्यावर मुलीच्या लॉगिनमध्येही प्रवेश झाल्याचे दिसते का ते पाहा.

पुढे महाविद्यालय सगळ्या प्रवेशांची यादी प्रवेश नियामक प्राधिकरणाकडे मंजुरीला पाठवते. तिथे एखाद्या कागदावर शेरा आला तर महाविद्यालय फोन करते. अनोळखी क्रमांक म्हणून तो उचलला नाही तर तुमचेच नुकसान. अर्जातला मोबाइल क्रमांक चालू ठेवा, तो सायबर कॅफेवाल्याचा नसावा.

फी आणि सवलत

खासगी विनाअनुदानित महाविद्यालयाची फी राज्याचे शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते. शिक्षण शुल्क आणि विकास शुल्क त्यात वेगळे दाखवलेले असते. महाविद्यालयाकडून वर्षाच्या फीचे तपशीलवार विवरण लेटरहेडवर मागून घ्या. कर्जालाही तेच लागते.

तुमच्या मुलीसाठी महत्त्वाचे असे की, ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार व्यावसायिक अभ्यासक्रमांना केंद्रीभूत प्रक्रियेतून प्रवेश घेतलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असल्यास, शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची १०० टक्के सवलत आहे. आधी ती ५० टक्के होती. मुलांना अजून ५० टक्केच. व्यवस्थापन कोट्यातल्या प्रवेशाला ही सवलत नाही. म्हणूनच कॅपमधली जागा सोडून त्याच महाविद्यालयात आवडत्या शाखेसाठी व्यवस्थापन कोटा घेण्याआधी चार वर्षांचा हिशेब मांडा. विकास शुल्क, वसतिगृह, खानावळ, बस, अनामत रक्कम यांना सवलत लागू होत नाही. फी शून्य असे ऐकून गेलेले पालक इथे गोंधळतात. आधी पूर्ण शिक्षण शुल्क भरा, शिष्यवृत्ती आली की परत देऊ, असे सांगितले जात असेल तर लेखी मागा. पात्र मुलींकडून आगाऊ शुल्क घेऊ नका असे राज्य शासनाने महाविद्यालयांना सांगितलेले आहे. दाद तंत्रशिक्षण संचालनालयाच्या विभागीय कार्यालयाकडे मागता येते.

सवलत आपोआप लागत नाही, महाडीबीटी पोर्टलवर दरवर्षी अर्ज करावा लागतो. प्रवर्गानुसार शासनाचा विभाग आणि योजना वेगवेगळ्या आहेत: खुल्या आणि एसईबीसी प्रवर्गासाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, ओबीसींसाठी इतर मागास बहुजन कल्याण विभागाची शुल्क प्रतिपूर्ती. चुकीच्या योजनेत भरलेला अर्ज महाविद्यालयाच्या लॉगिनमध्ये अडकतो आणि तो मागे घेऊन नवा भरेपर्यंत मुदत सरते. अर्जात कॅपचा अर्ज क्रमांक टाकावा लागतो, आणि तहसीलदाराच्या उत्पन्न दाखल्यावरचा बारकोड क्रमांक अचूक लागतो.

बँकेचे प्रकरण सगळ्यात जास्त मुलांना नडते. खाते आधारला जोडणे आणि सरकारी रक्कम जमा होण्यासाठी आधार त्या खात्याला सीड होणे या वेगळ्या गोष्टी आहेत. एका आधारवर एका वेळी एकच बँक सीड असते, आणि रक्कम तिथेच जाते, अर्जात कोणतेही खाते लिहिलेले असो. शाळेत असताना उघडलेले, वडिलांबरोबरचे, गेली तीन वर्षे न वापरलेले खाते सीड असेल तर पैसे तिथे जाऊन परत फिरतात. आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंगची स्थिती पाच मिनिटांत दिसते. मुलगी १८ वर्षांची झाली असेल तर खाते अल्पवयीनाचे न ठेवता नियमित करून घ्या. काही योजनांत रक्कम विद्यार्थ्याच्या खात्यात येते आणि ती महाविद्यालयात भरायची असते. ती घरखर्चात वापरली गेली की वर्षाअखेरीस थकबाकी उभी राहते.

राहण्याची सोय हवी असेल तर ओबीसी आणि भटक्या-विमुक्त विद्यार्थ्यांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना, अनुसूचित जातींसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना, अनुसूचित जमातींसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना आहे. या सगळ्यांचे अर्ज महाडीबीटीच्या फी सवलतीपासून वेगळे. सरकारी वसतिगृहाचा अर्जही वेगळा.

विद्यापीठाची पात्रता आणि पीआरएन

आता मूळ प्रश्न. संलग्न महाविद्यालय शिकवते, पदवी विद्यापीठ देते. त्यामुळे ही विद्यार्थिनी आमच्या अभ्यासक्रमाला पात्र आहे असे विद्यापीठाने स्वतः मान्य करावे लागते. यालाच एलिजिबिलिटी म्हणतात. महाविद्यालय एक ऑनलाइन पात्रता अर्ज भरायला सांगते. तो भरून, छापून, सही करून, गुणपत्रिका आणि दाखल्याच्या प्रतींसह स्टुडंट सेक्शनमध्ये द्यायचा. महाविद्यालय तो तपासून विद्यापीठाकडे पाठवते. अर्ज ऑनलाइन भरला पण छापील प्रत दिली नाही, किंवा दिली पण महाविद्यालयाने पुढे पाठवली नाही, या दोन कारणांनी सर्वाधिक नावे राहतात. प्रत देताना तुमच्याकडच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या.

अभियांत्रिकीसाठी बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित अनिवार्य, सोबत ठरलेल्या यादीतला एक विषय, आणि या तीन विषयांत एकत्रित किमान ४५ टक्के, राज्यातल्या मागास प्रवर्ग, ईडब्ल्यूएस आणि दिव्यांग उमेदवारांना ४० टक्के. पुरवणी परीक्षेत किंवा श्रेणीसुधारमध्ये गुण वाढवलेल्या मुलांनी दोन्ही गुणपत्रिका जोडाव्यात.

राज्य मंडळाच्या मुलांना मायग्रेशन लागत नाही. सीबीएसई, आयसीएसई किंवा दुसऱ्या राज्यातून आलेल्यांना ते लागतेच. सीबीएसईचे मायग्रेशन डिजिलॉकरमध्ये मिळते, शाळेच्या चकरा मारायची गरज नाही. बाहेरच्या मंडळाच्या विद्यार्थ्याला आधी तात्पुरती पात्रता मिळते आणि कागद पूर्ण झाल्यावर ती कायम होते. ती तशीच लोंबकळत राहिली तर निकाल राखून ठेवला जातो. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्यांनी सर्व सत्रांच्या गुणपत्रिका आणि तंत्रशिक्षण मंडळाचे डिप्लोमा प्रमाणपत्र द्यायचे. त्यांचा पात्रता अर्जही वेगळा असतो.

पात्रता मंजूर झाली की पीआरएन तयार होतो. तो पदवी मिळेपर्यंत तोच राहतो, आणि परीक्षा अर्ज, हॉल तिकीट, निकाल, ट्रान्सक्रिप्ट सगळे त्याच क्रमांकावर चालते. आधी एखाद्या महाविद्यालयात बीएस्सीला नोंद होऊन मग अभियांत्रिकीला आला असाल तर ते लपवू नका. जुना क्रमांक सांगा, नाहीतर एका व्यक्तीच्या दोन नोंदी होतात आणि दोन्ही अडकतात.

नाव. या एका गोष्टीवर मी सगळ्यात जास्त भर देईन. राज्य मंडळ आडनाव आधी छापते, मग नाव, मग वडिलांचे नाव, आणि आईचे नाव वेगळ्या ओळीत. आधारवर आडनाव शेवटी. सीबीएसईच्या गुणपत्रिकेवर विद्यार्थ्याच्या नावात बहुतेकदा वडिलांचे नाव नसते. क्रम वेगळा असला तर चालते, स्पेलिंग वेगळे असले तर चालत नाही. विद्यापीठ बारावीच्या गुणपत्रिकेवरचे नाव धरते, आणि पुणे विद्यापीठाच्या गुणपत्रिकेवर आईचे नावही छापले जाते. पात्रता अर्जात एका अक्षराची चूक राहिली तर ती आठही सत्रांत उतरते आणि दुरुस्तीला शुल्क, अर्ज, पुरावे लागतात. बारावीच्या गुणपत्रिकेतच चूक असेल तर ती आधी कनिष्ठ महाविद्यालयामार्फत विभागीय मंडळाकडून दुरुस्त करून घ्या. गुणपत्रिका बरोबर आणि आधार चूक असेल तर आधार बदला, पण विचार करून, कारण आधारवरचे नाव आयुष्यात दोनदाच बदलता येते.

याच ठिकाणी एबीसी आयडी येतो. श्रेयांक (क्रेडिट) साठवण्यासाठी तो १२ अंकी क्रमांक प्रत्येकाला लागतो. डिजिलॉकरमध्ये लॉगिन करून अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स शोधले की तयार होतो. शाळेत अपार आयडी काढला असेल तर तोच क्रमांक इथे दिसतो, दुसरा काढू नका. डिजिलॉकर मुलीच्या स्वतःच्या मोबाइलवर उघडलेले असावे. आधारमधले नाव आणि विद्यापीठातले नाव जुळले नाही तर श्रेयांक खात्यात पोचत नाहीत.

बाकीची कामे

रॅगिंगविरोधी हमीपत्र विद्यार्थी आणि पालक दोघांचे असते. ते यूजीसीच्या अँटी-रॅगिंग संकेतस्थळावर विनाशुल्क भरता येते, स्टॅम्प पेपर लागत नाही, आणि दरवर्षी भरायचे असते. भरल्यावर ईमेलवर आलेला क्रमांक महाविद्यालयाला द्यायचा. मदतवाहिनीचा क्रमांक १८००-१८०-५५२२ मुलीच्या फोनमध्ये साठवून ठेवा. महाराष्ट्रात रॅगिंग हा १९९९ च्या कायद्याने गुन्हा आहे.

प्रवेश झाल्याबरोबर तीन-चार बोनाफाईड मागून घ्या: एक बँकेला, एक एसटी किंवा रेल्वेच्या पासाला, एक वसतिगृहाला. एसटीच्या विद्यार्थी पासाला ६६.६७ टक्के सवलत आहे, आणि रेल्वेचा सवलतीचा फॉर्म महाविद्यालयाच्या कार्यालयातूनच मिळतो. शैक्षणिक कर्ज घेणार असाल तर साडेसात लाखांपर्यंत बँकांच्या प्रचलित योजनेत तारण लागत नाही. शाखेने तारण मागितले तर योजनेचे नाव घेऊन विचारा.

महाविद्यालय स्वायत्त असेल तर परीक्षा आणि गुणपत्रिका महाविद्यालयाच्या, पदवी तरीही विद्यापीठाची, म्हणून पात्रतेचा टप्पा चुकत नाही. लोणेरेच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयातही नोंदणीचे टप्पे हेच. पुण्यातले सीओईपी २०२२ पासून स्वतःच विद्यापीठ आहे, त्यामुळे तिथे प्रवेश आणि विद्यापीठ नोंदणी एकाच दारात होते. मुंबई विद्यापीठात कला, वाणिज्य, विज्ञानाच्या मुलांना महाविद्यालयाच्या अर्जाआधीच विद्यापीठाची प्रवेशपूर्व नावनोंदणी ऑनलाइन करावी लागते. ती न करता थेट महाविद्यालयाचा फॉर्म भरला तर अर्ज ग्राह्य धरत नाहीत.

मन बदलले आणि प्रवेश रद्द करायचा असेल तर फोनवर किंवा साध्या अर्जाने भागत नाही. सीईटी सेलच्या लॉगिनमधून रद्द करण्याची विनंती नोंदवायची, तिची प्रत सही करून महाविद्यालयात द्यायची, आणि प्रणालीत रद्द झाल्याचे दिसेपर्यंत पाठपुरावा करायचा. माहितीपुस्तिकेत दिलेल्या अंतिम तारखेच्या आत केले तर १,००० रुपये वजा होऊन बाकी फी परत मिळते. तारीख उलटल्यावर फक्त अनामत रक्कम.

वर्ग सुरू झाल्यापासून चौथ्या आठवड्यात एक दिवस ठरवून स्टुडंट सेक्शनमध्ये जा आणि चार गोष्टी विचारा. प्रवेश नियामक प्राधिकरणाच्या मंजुरी यादीत नाव आहे का. पात्रता अर्ज विद्यापीठाकडे गेला का, आणि कोणत्या तारखेला. महाडीबीटीचा अर्ज महाविद्यालयाच्या लॉगिनमधून पुढे गेला का. पीआरएन आला का. पहिल्या सत्राचा परीक्षा अर्ज उघडला की विषयांची यादी आणि गट बरोबर आहे का तेही पाहा, कारण अभियांत्रिकीच्या प्रथम वर्षाचे विषय गटांप्रमाणे दोन सत्रांत उलटसुलट लावलेले असतात आणि चुकीच्या गटाचे विषय निवडले तर हॉल तिकिटावर न शिकलेला विषय येतो. अर्ज भरून झाल्यावर महाविद्यालयाने तो प्रणालीत मंजूर केला की नाही हे लॉगिनमध्ये दिसते. विलंब शुल्क लागण्याआधी ते बघून घ्या.